खात्यात भाडे जमा झाले, खोली कोण देणार?

मध्य प्रदेशाच्या निमाडातल्या आणि झाबुआ-आलिराजपूर पट्ट्यातल्या लहान गावांच्या शासकीय महाविद्यालयांना नवी वसतिगृहे बांधून द्यावीत, की तोच पैसा घरभाडे म्हणून थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकावा, हा वाद हल्ली इंदुरातल्या मराठी मंडळींच्या बैठकींतही ऐकू येतो. तो ज्या पद्धतीने घातला जातो, ते ऐकून मात्र खेद वाटतो. एका बाजूचे लोक गळकी छपरे, पाणचट डाळ आणि कुलूप लावून ठेवलेल्या खोल्या यांचे दाखले देतात आणि वसतिगृह ही कल्पनाच कालबाह्य ठरवून मोकळे होतात. दुसऱ्या बाजूला किती खाटांची इमारत मंजूर झाली आणि भूमिपूजन कोणाच्या हस्ते झाले, एवढ्यावरच समाधान मानणारे आहेत. दोघेही वसतिगृहाकडे निव्वळ निवाऱ्याची सोय म्हणून पाहतात आणि ती स्वस्तात कशी होईल एवढ्यापुरतेच भांडतात. माझ्या मते लहान गावातील सरकारी महाविद्यालयाचे वसतिगृह हा त्या महाविद्यालयाच्या अध्यापनाचाच एक भाग आहे. त्याची जबाबदारी महाविद्यालयाने घेतली पाहिजे, त्यासाठी पूर्णवेळ माणूस आणि दरवर्षीच्या खर्चाची हमी असली पाहिजे. भाड्याची रक्कम त्याला पूरक म्हणून जरूर द्यावी, पण तिला वसतिगृहाचा पर्याय म्हणणे ही स्वतःची आणि विद्यार्थ्यांची फसवणूक आहे.

भाडे देणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. मध्य प्रदेशात अनुसूचित जाती-जमातींच्या ज्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी आवास सहायता योजना आहे. तिच्यात इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, जबलपूर, उज्जैन या शहरांत दरमहा २००० रुपये, इतर जिल्हा मुख्यालयांत १२५० रुपये आणि तहसील वा विकासखंडाच्या गावी १००० रुपये दिले जातात. शंभर विद्यार्थ्यांना दरमहा हजार रुपये द्यायचे तर वर्षाला बारा लाख पुरतात. शंभर खाटांची इमारत कोटींत जाते, तिला जागा लागते, निविदा लागते, आणि ती उभी राहीपर्यंत ज्यांच्यासाठी ती मागितली त्यांची पदवी पूर्ण झालेली असते. शिवाय पैसा हातात आला की मुलगा आपल्या सोयीची जागा निवडतो, अधीक्षकाच्या मर्जीवर राहत नाही, आणि ठेकेदार व पुरवठादार यांची मधली साखळी आपोआप तुटते. महाराष्ट्रातही स्वाधार योजना याच विचाराने आली. हे सगळे मुद्दे खरे आहेत, आणि वसतिगृहाच्या बाजूने बोलणाऱ्याने ते हसण्यावारी नेऊ नयेत.

पण या हिशेबात एक गृहीत दडलेले आहे, आणि ते तपासायला कोणी तयार नसते. हजार रुपये घेऊन मुलगा गावात गेला की त्याला खोली मिळते, हे ते गृहीत. इंदुरात भंवरकुआँच्या आसपास स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांनी खोल्यांचा मोठा व्यवसाय उभा केला आहे. तिथे बाजार आहे असे म्हणता येईल, कारण एका दारात नकार मिळाला तर पुढचे दार असते. सेंधवा, बडवानी, कुक्षी किंवा जोबट अशा गावी बाजार कसला? तिथे काही घरमालक आहेत, ते एकमेकांना ओळखतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतोच. ‘कौन समाज से हो?’ हा तो प्रश्न. पुढचा प्रश्न खाण्यापिण्याचा. दोन्हींची उत्तरे मनासारखी आली नाहीत, तर ‘अभी पुताई चल रही है’ असे सांगून दार ओढून घेतले जाते. आणि हे काही निमाडातल्या घरमालकांचेच दूषण नव्हे. आमच्या इंदुरात रामबागेत, लोकमान्यनगरात, सुदामानगरात ‘मकान किराये से देना है’ या पाटीखाली जी बारीक अक्षरांतली ओळ असते, तीही काही वेगळे सांगत नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाला सर्वांना बोलावणारी आमची घरे वरच्या मजल्यावरच्या खोलीबाबत मात्र फार चोखंदळ होतात.

ज्यांना खोली मिळते त्यांची खोली कशी असते, तेही पाहावे. गावाबाहेरच्या रस्त्यावर, मूळची दुकानासाठी बांधलेली, शटर असलेली एक खोली. मागच्या भिंतीत खिडकी नाही, म्हणून शटर हातभर वर ठेवून झोपायचे. तिघे-चौघे एकत्र राहतात. एका कोपऱ्यात पाच किलोची गॅसटाकी, तिच्याशेजारी गावाहून आणलेल्या मक्याच्या पिठाचे पोते, दोरीवर ओले कपडे आणि त्यांच्याखाली पत्र्याच्या पेटीवर ठेवलेली पुस्तके. विजेचा वेगळा मीटर मालकाने बसवलेला असतो आणि युनिटचा दर तोच ठरवतो, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत दिवा जळणे हा खर्चाचा विषय होतो. मालकाला लेखी काही नको असते. भाड्याने राहतो हे सिद्ध करायला त्याचीच सही लागणार, आणि सही केली की भाडेकरू कागदावर येणार, ही त्याची भीती. म्हणजे ज्या योजनेने मुलाला मोकळीक द्यायची, तिचा लाभ घेण्यासाठी त्याला पुन्हा घरमालकाच्याच मिनतवाऱ्या कराव्या लागतात. त्यात प्रवेश जुलैत, खोली जुलैत, अनामत रक्कम जुलैत. सरकारी रक्कम मात्र अनेकदा सत्र निम्मे सरल्यावर येते. मधल्या महिन्यांचे भाडे ज्याच्या घरात नाही त्याच्यासाठीच तर ही योजना होती ना?

पैसा असला की जागा मिळते, या समजुतीला आपल्याच इतिहासाने फार पूर्वी उत्तर दिलेले आहे. इंदुरापासून तासाभराच्या अंतरावर, महूला जन्मलेले भीमराव आंबेडकर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले, तेव्हा त्यांच्यापाशी कोलंबिया विद्यापीठाचे शिक्षण होते, ठरलेला पगार होता आणि सयाजीराव गायकवाडांसारख्या त्या काळातील सर्वांत पुरोगामी संस्थानिकाचा पाठिंबा होता. त्यांना बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. पारशी सरायीत खोटे नाव सांगून त्यांनी काही दिवस काढले. मग काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि आता जायचे कुठे या विचारात ते कमाटी बागेत बसून राहिले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. या प्रसंगाचे स्मरण आपण दरवर्षी गहिवरून करतो, पण त्याचा धोरणात्मक अर्थ ध्यानात घेत नाही. त्यांच्याकडे भाडे नव्हते असे नाही. भाडे घेणारा नव्हता. आणि याच माणसाने पुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या कामाला हात घातला, तेव्हा सुरुवातीच्या कामांपैकी एक होते १९२५ मध्ये सोलापुरात सुरू झालेले वसतिगृह. सिद्धार्थ महाविद्यालय निघाले १९४६ मध्ये. वसतिगृह आधी आणि महाविद्यालय वीस वर्षांनी, हा क्रम आजच्या नियोजनकर्त्यांनी जरा थांबून पाहण्यासारखा आहे.

आमच्या पिढीतल्या वडीलधाऱ्यांचा एक आवडता युक्तिवाद इथे पुढे येतो. ‘पूर्वी मुले वार लावून जेवली, माधुकरी मागून शिकली, कोणाच्या तरी ओसरीवर झोपली आणि मोठी झाली, त्यांना कोणी वसतिगृहे दिली होती?’ हा युक्तिवाद भावनेच्या अंगाने भारी आहे. सोमवारी जोशांकडे, मंगळवारी केळकरांकडे अशी आठवड्याची पंगत ठरलेल्या मुलांनी वकिली केली, संस्कृतचे पंडित झाले, संस्थानांतून दिवाणगिरी केली, हे खरे आहे. त्या कष्टांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण ते वार कोणाला मिळत होते? ती ओसरी कोणासाठी उघडी होती? वार लावणे हीच एका समाजाने आपल्या गरीब मुलांसाठी घरोघरी विभागून चालवलेली वसतिगृहाची व्यवस्था होती. तिला इमारत नव्हती एवढेच. ज्या मुलांना त्या पंगतीत पान नव्हते त्यांना ‘आमच्यासारखे कष्ट करा’ असे आज सांगण्यात काय अर्थ आहे? आणि ज्यांना पान होते त्यांनाही ती व्यवस्था अपुरी वाटलीच. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले ते दारोदार फिरणाऱ्या मुलांना एका छपराखाली आणावे याच जाणिवेतून. म्हणजे वडीलधाऱ्यांच्या युक्तिवादातूनही निष्कर्ष वसतिगृहाचाच निघतो.

दुसरा नवा युक्तिवाद अंतराचा आहे. महाविद्यालये आता तहसीलच्या गावी पोचली, रस्ते झाले, मग मुलाने घरूनच ये-जा का करू नये? जुलै २०२४ मध्ये इंदुरातूनच राज्यातील ५५ जिल्ह्यांच्या प्रधानमंत्री कॉलेज ऑफ एक्सलन्सचा प्रारंभ झाला आणि त्याच सुमारास या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी दिवसाला एक रुपया दराने बस देण्याची योजनाही जाहीर झाली. बस हवीच. जिल्ह्याच्या गावापासून दहा-पंधरा किलोमीटरवर राहणाऱ्या मुलींना तिचा जितका उपयोग होईल तितका दुसऱ्या कशाचा होणार नाही. पण सातपुड्याच्या कुशीतल्या फळ्यांवर, म्हणजे पाड्यांवर, विखुरलेल्या घरांपर्यंत बस जात नाही, ती मुख्य रस्त्यावर थांबते. तिथून पुढे चालणे असते, आणि पावसाळ्यात मध्ये नाले असतात. विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके दुपारी असतात आणि शेवटची बस त्यांची वाट पाहत नाही. परिणाम असा की, प्रात्यक्षिकांचे विषय सोडून मुले सकाळच्या तासांत बसणारे विषय निवडतात. ही निवड त्यांनी आपल्या आवडीने केली असे आकडेवारीत नोंदले जाते.

घरून ये-जा करण्याच्या या सल्ल्यात घर म्हणजे काय, याचीही एक शहरी कल्पना आहे. झाबुआ, आलिराजपूर, बडवानी या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे पावसाळी पीक हाती आले की दिवाळीनंतर गुजरातेत बांधकामाच्या आणि शेतीच्या मजुरीला जातात आणि होळीच्या तोंडावर भगोरियाच्या जत्रांना परततात. शिकणारा मुलगा किंवा मुलगी मागे राहते, तेव्हा त्या घराचा कर्ताही तोच असतो. लहान भावंडांचे जेवण, शेळ्या, म्हातारी आजी आणि खताच्या सोसायटीतला हेलपाटा हे सगळे त्याच्याकडे. नेमके याच महिन्यांत अंतर्गत मूल्यमापन असते आणि परीक्षा जवळ आलेल्या असतात. अशा घरातून रोज महाविद्यालयात येणे हे एका रुपयाच्या बसने सुटणारे कोडे आहे काय? अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये उच्च शिक्षणातील नोंदणीचे एकूण प्रमाण २८.४ टक्के होते आणि अनुसूचित जमातींत ते २१.२ टक्के होते. ही दरी प्रवेशाची आहे. प्रवेश घेऊन शिक्षण मध्येच सोडणाऱ्यांची दरी या आकड्यांत दिसतही नाही, आणि माझ्या समजुतीने ती शिकवण्याच्या दर्जापेक्षा राहण्याच्या प्रश्नाशी अधिक जोडलेली आहे.

वसतिगृहात नेमके असे काय मिळते जे खोलीत मिळत नाही, हा प्रश्न रास्त आहे. मला पहिले उत्तर सुचते ते माहितीचे. घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात गेले असेल, तर ई-प्रवेशाच्या संकेतस्थळावर कोणता पर्याय निवडायचा, शिष्यवृत्तीच्या अर्जाला कोणता दाखला जोडायचा, आधार खात्याला जोडलेले नसल्याने पैसे कुठे अडकले, पटवारीच्या भरतीचा अर्ज कधी निघाला, बी.एड. करावे की एम.ए., हे विचारायचे कोणाला? प्राध्यापकाला हे सगळे विचारण्याइतकी भीड चेपलेली नसते आणि घरी कोणाला ठाऊक नसते. वसतिगृहात वरच्या वर्गातला मुलगा शेजारच्या खाटेवर असतो. त्याने मागच्या वर्षी तीच चूक केलेली असते. मध्यमवर्गीय घरांत जेवणाच्या टेबलावर जे सहज कानावर पडते, ते या मुलांना मिळण्याची एकमेव जागा म्हणजे वसतिगृहाची पंगत. दुसरी गोष्ट वेळेची. सरकारी महाविद्यालयाचे ग्रंथालय कार्यालयीन वेळेबरोबर बंद होते. वसतिगृहात निदान एक अभ्यासिका रात्री उघडी ठेवता येते आणि दिव्याचा मीटर मोजणारा मालक तिथे नसतो. भाड्याची रक्कम यांपैकी काही विकत घेऊन देऊ शकते काय?

निवास हा शिक्षणाचाच भाग आहे, हे सत्ताधाऱ्यांना नवीन नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत त्यांनी ते कधीच ओळखले होते. इंदुरात १८८२ पासून डेली कॉलेज या नावाने चालत आलेली शाळा मध्य भारतातील राजकुमारांसाठी निघाली, आणि तिथे निवासाला वर्गाइतकेच महत्त्व होते. राजपुत्राने वाड्यात राहून शिकू नये, समवयस्कांबरोबर, शिस्तीत, खेळाच्या मैदानाजवळ राहून शिकावे, हाच त्यामागचा विचार. ग्वाल्हेरला १८९७ मध्ये सरदारांच्या मुलांसाठी निघालेल्या आणि पुढे किल्ल्यावर नांदलेल्या शाळेचेही तेच. ज्यांच्या घरी डझनभर खोल्या रिकाम्या होत्या, त्यांच्या मुलांसाठी निवासी शिक्षण आवश्यक मानले गेले. ज्याच्या घरी एकच खोली आहे आणि तीही अर्धे वर्ष बंद असते, त्याला मात्र आपण हजार रुपये देऊन ‘तुझे तू बघ’ म्हणतो, आणि त्याला निवडस्वातंत्र्य असे गोंडस नाव देतो.

आता वसतिगृहांवरचे आक्षेप. सरकारी वसतिगृहे वाईट चालतात, हा त्यांतला सर्वांत मोठा, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. बहुतेक ठिकाणी अधीक्षकपद हा कोणा शिक्षकाला दिलेला जादा प्रभार असतो. तो शिक्षक दिवसभर शाळेत शिकवतो, संध्याकाळी हजेरीच्या वहीवर सही करतो आणि आपल्या घरी जातो. स्वयंपाकीण तुटपुंज्या मानधनावर असते. दुरुस्तीचा पैसा वर्षाच्या शेवटी येतो आणि मार्चअखेर रंगरंगोटीत संपतो. नळ गळतच राहतात. पण हे सगळे वसतिगृह या कल्पनेचे दोष आहेत, की ते चालवायला माणूस न देण्याचे? प्राध्यापकांची पदे रिक्त राहिली म्हणून महाविद्यालये बंद करून विद्यार्थ्यांच्या खात्यात शिकवणीचे पैसे टाका, असे अजून कोणी म्हणत नाही. (म्हणणारे निघतील, याची मला खात्री आहे.) आणि जेवणाच्या बाबतीत तर विद्यार्थ्यांनीच कौल दिलेला आहे. महाराष्ट्रात २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतील भोजन बंद करून त्याचे पैसे खात्यात देण्याचे ठरले, तेव्हा मुलांनी त्याचे स्वागत केले नाही. ती पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. त्यांना शिजलेले अन्न हवे होते, कारण खात्यातला पैसा घरच्या अडचणीला आधी जातो, पोटाला नंतर, हे त्यांना धोरण आखणाऱ्यांपेक्षा चांगले कळत होते.

रॅगिंगचा आणि गुंडगिरीचा आक्षेपही खरा आहे. २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला त्याबद्दल कडक विनियम करावे लागले, ते उगाच नव्हे. मुलींच्या वसतिगृहांत तर वेगळाच प्रश्न आहे. तिथे सुरक्षिततेच्या नावाखाली संध्याकाळी सहाला कुलूप पडते आणि ग्रंथालयात जायचे तरी अर्ज लिहावा लागतो. याबद्दल संतापणाऱ्या मुलींशी मी पूर्ण सहमत आहे. तरीही फरक असा की, वसतिगृहाच्या नियमाविरुद्ध प्राचार्यांकडे जाता येते, समितीपुढे बोलता येते, चार जणींनी मिळून निवेदन देता येते, वर्तमानपत्रात बातमी येते. घरमालकाच्या नियमाविरुद्ध फक्त सामान बांधता येते. शिवाय या भागातल्या किती बापांनी मुलीला गावातल्या परक्या घराच्या खोलीत एकटी ठेवली असती? मध्य प्रदेशात ‘गाँव की बेटी’ योजनेत बारावीला ६० टक्के गुण मिळवून महाविद्यालयात जाणाऱ्या ग्रामीण मुलीला वर्षातले दहा महिने दरमहा ५०० रुपये मिळतात. सरकारला ती मुलगी गावाबाहेर पडायला हवी आहे, हे यातून दिसते. ती उतरणार कुठे, याचे उत्तर त्या पाचशे रुपयांत नाही.

जातवार वसतिगृहांमुळे मुले वेगवेगळ्या कप्प्यांत बंद होतात, हा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. शाहू महाराजांपुढेही तो होता. सर्वांनी एकत्र राहण्याचा आधीचा प्रयत्न फसल्यावर त्यांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढच्या दोन दशकांत जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी केली. त्यांनी हे आदर्श म्हणून केले नाही. पंगतीत बसायला कोणी तयारच नसताना मुलांची वर्षे वाया जाऊ नयेत म्हणून केले. त्यांच्याच प्रभावाखाली वाढलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात जे बोर्डिंग काढले त्यात मात्र सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली. १९२७ मध्ये त्याचे शाहू बोर्डिंग असे नामकरण गांधीजींच्या हस्ते झाले. म्हणजे कोल्हापुरात जे जमले नव्हते ते पाव शतकाच्या आत साताऱ्यात जमले. आज शंभर वर्षांनंतर लहान गावातल्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात आरक्षित जागा राखून सर्व समाजांच्या मुलांना एकत्र ठेवणे अशक्य मानायचे काय? भाडे-सहाय्याने तर उलट होते. ज्याला जो समाज खोली देतो तो त्याच मोहल्ल्यात राहतो, आणि तीन वर्षे एका वर्गात बसूनही मुले एकमेकांच्या घरी पाणी प्यायल्यावाचून पदवी घेतात. कप्पे तिथेही पडतातच, आणि ते मोडण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

साताऱ्याच्या त्या बोर्डिंगची एक गोष्ट मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. मुलांना खायला धान्य उरले नाही, तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी दागिने विकले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो. मला ती हिशेबाचीही वाटते. वसतिगृहाचे संकट हे बांधकामाचे नसते, ते उद्याच्या धान्याचे असते. ज्या अहिल्यादेवींची त्रिशताब्दी आम्ही इंदूरकरांनी २०२५ मध्ये एवढ्या थाटाने साजरी केली, त्यांना हे चांगले कळत होते. त्यांनी घाट आणि धर्मशाळा बांधल्याच, पण अन्नछत्रांना आणि देवस्थानांना खासगीतून, म्हणजे स्वतःच्या खजिन्यातून, वार्षिक नेमणुका म्हणजे ठरलेल्या रकमाही लावून दिल्या, कारण नेमणुकीवाचून धर्मशाळा ही चार भिंतींची पडीक जागा होते. आजच्या अंदाजपत्रकांत नेमके उलटे आहे. इमारतीला एकरकमी निधी मिळतो, तिच्यावर नावाची पाटी लागते; अधीक्षक, स्वयंपाकी, पहारेकरी, वीजबिल यांच्या चालू खर्चावर पाटी लावता येत नाही, म्हणून त्याला वालीही नसतो. पुण्यातील विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलांची राहण्या-जेवण्याची व्यवस्था अल्प खर्चात करत आली, ती आलिशान इमारतींच्या जोरावर नव्हे; मुलांनी वाटून घेतलेली कामे आणि त्यांच्यात मिसळून राहणारे कार्यकर्ते यांच्या जोरावर.

त्यामुळे माझी मागणी शंभर-दोनशे खाटांच्या भव्य इमारतींची नाही. चाळीस-पन्नास मुलांचे, महाविद्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावरचे, प्रसंगी भाड्याने घेतलेल्या घरातलेही वसतिगृह पुरे. मात्र ते घर महाविद्यालयाने भाड्याने घ्यावे, मुलाने नव्हे. घरमालकाला सही द्यायची भीती वाटते ती एकट्या मुलाला. शासकीय संस्थेशी करार करायला तो आनंदाने येतो, कारण भाडे बुडत नाही. आणि आत कोण राहणार हे ठरवण्याचा त्याचा अधिकार तिथेच संपतो. भाडे-सहाय्याचा पैसा असा वापरला तर बांधकामाची पाच वर्षे थांबण्याचीही गरज उरत नाही. मध्य प्रदेशात प्रत्येक शासकीय महाविद्यालयाला जनभागीदारी समिती आहे, तिच्याकडे स्वतःचा निधी आहे आणि स्थानिक गरजांवर तो खर्च करण्याचा अधिकारही आहे. तो आजवर प्रवेशद्वारे, फरश्या आणि सभागृहातल्या खुर्च्यांवर बराच गेला. त्यातून एका पूर्णवेळ, तिथेच राहणाऱ्या अधीक्षकाचे आणि दोन स्वयंपाकिणींचे वेतन निघणार नाही काय? जेवणाचा हिशेब मुलांच्या समितीकडे द्यावा, तो महिन्याला फलकावर लावावा, म्हणजे डाळीचा पाणचटपणा कुठून येतो तेही कळेल.

हे सगळे होईपर्यंत ज्यांना जागा मिळणार नाही त्यांना भाडे मिळालेच पाहिजे, आणि ते प्रवेशाच्याच महिन्यात मिळाले पाहिजे. निमाडातील अनेक महाविद्यालये २०२४ मध्ये स्थापन झालेल्या खरगोनच्या क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठाकडे गेली आहेत. नवे विद्यापीठ आपल्या पद्धती आता बसवत आहे. महाविद्यालयांच्या संलग्नतेची तपासणी करताना वर्गखोल्या आणि प्रयोगशाळा मोजल्या जातात, तशी बाहेरगावच्या किती मुलांच्या राहण्याची सोय महाविद्यालयाने लावली आणि किती मुले राहण्यावाचून परत गेली, याचीही नोंद त्याने मागावी. आज ही नोंद कोणत्याच महाविद्यालयाच्या कोणत्याच रजिस्टरात होत नाही, आणि म्हणून जुलैत प्रवेश घेऊन ऑगस्टात गावी परतलेल्या मुलाच्या नावापुढे हजेरीपटात फक्त ‘अनुपस्थित’ असे लिहिले जाते.